गाडीवरचा ओरखडा : आधी नख लावून पाहा
माळेगाव बुद्रुकला साखर कारखाना आहे. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीला अरुंद रस्त्यावर साइड देताना गाडीला ओरखडे पडतात. उसाच्या पानाची कड करवती, त्यात सिलिकाही असते.

गाडीच्या रंगावर साधारण ४०-५० मायक्रॉनचा पारदर्शक क्लिअर कोट असतो. आधी गाडी धुवा. धुळीसकट घासल्यास नवे ओरखडे उठतात. मग ओरखड्यावर आडवे नख फिरवा. अडकले नाही, तर सावलीत मायक्रोफायबर कापडाने थोडे रबिंग कंपाउंड हलक्या हाताने लावा, शेवटी पॉलिश आणि वॅक्स. दुसऱ्या गाडीचा रंग लागला असला तरी हेच करा. थिनर टाळा, मूळ रंगही खराब होऊ शकतो.

नख अडकले, तर पेंटर गाठा. घासताना दरवेळी कोट झिजतो, म्हणून ओरखडा पुसट होताच थांबा.