ट्रॉलीचं पासिंग

"ट्रॉलीला इंजिन नाही, मग पासिंग कशाला?" आमच्या शेडमध्ये दर हंगामात कुणीतरी हे विचारायचंच. उत्तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आहे. मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलर, म्हणजे आपली ट्रॉलीही मोडते, आणि कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय मोटार वाहन रस्त्यावर आणता येत नाही. पण ऊसपट्ट्यात कारखान्याचा बॉयलर पेटायची तारीख जवळ आली, की कलमं ऐकायला वेळ कुणाला असतो?

बाहेरच्या माणसाला वाटतं, ट्रॉली कंपनीत तयार होते. आमच्याकडे ती गावच्या मिस्त्रीच्या हातून व्हायची. सी-चॅनेल कापायचं, अ‍ॅक्सल-हब बाजारातून आणायचे, पाटे मिळाले तर जुन्या ट्रकचे. नव्या वाहनाचा नमुना आधी चाचणी संस्थेकडून मंजूर करून घ्यायचा, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ वा नियम सांगतो. पण त्यातून ट्रेलरना सुरुवातीला सूट होती. त्या सुटीवर कितीतरी शेड उभ्या राहिल्या. पुढे ती वाट बंद झाली, तेव्हा मिस्त्री मंडळींची झोप उडाली ती वेगळीच गोष्ट.

पासिंगला खरी गंमत चासी नंबरची. हा नंबर चासीवर हातोडा मारून पंच करायचा आणि त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्यायची. हीच ती पेन्सिल प्रिंट. मालकाला मात्र ट्रॉली नव्या नवरीसारखी हवी. एकाने पासिंगच्या आदल्या रात्री स्वतःच रंगाचे आणखी दोन हात चढवले. सकाळी पेन्सिल घासतोय तर कागद काळा, नंबर गायब! आरटीओचे साहेब शांतपणे म्हणाले, "आधी गाडी शोधा, मग मला बोलवा." मालक गुडघ्यावर बसून रुपयाच्या नाण्याने आपलाच रंग खरवडत होता, आणि मागची रांग त्याला सल्ले देत होती.

दुसरा किस्सा वजनाचा. भरलेल्या ट्रॉलीच्या वजनाची मर्यादा ठरलेली असते, म्हणजे रिकामी जितकी हलकी तितका माल जास्त, निदान कागदावर तरी. एक हुशार गडी चारी फाळके घरी ठेवून वजनकाट्यावर गेला आणि पावती घेऊन फाळक्यांसकट पासिंगला आला. निरीक्षक मुरलेले. त्यांनी पावती पाहिली, ट्रॉलीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "काट्यावर हिला उघडीच नेली होती का?"

"साहेब, ऊस भरताना फाळकं काढतोयच की!"

"आणि शेणखत काय डोक्यावरनं नेणार?"

गड्याला परत काट्यावर जावं लागलं.

फॉर्म २० म्हणजे मालकाचा अर्ज, २१ म्हणजे विक्रीचा दाखला, २२ म्हणजे गाडी रस्त्यायोग्य असल्याचं बनवणाऱ्याचं प्रमाणपत्र. कागदांचं काही अडत नसे. खरा प्रश्न दिव्यांचा. मागचे दिवे, रिफ्लेक्टर, रेडियम पट्ट्या त्या दिवशी झकास असत. पण काही वेळा ते शेजाऱ्याच्या ट्रॉलीवरून उतरवलेले असत आणि संध्याकाळी परत जात. दिव्याची वायर ट्रॅक्टरला जोडणारा प्लग तर हंगामात बहुतेकांचा लोंबकळतच. पासिंगचा दिवस आणि पासिंगनंतरचं वर्ष यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो, हे या धंद्यातलं उघड गुपित. अंधारात उसाने भरलेली, दिवा नसलेली ट्रॉली मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला दिसतच नाही. यात निरीक्षकापेक्षा मालकाचा दोष मोठा, असं माझं स्पष्ट मत आहे.

एका नंबरावर दोन ट्रॉल्या चालवणारेही पाहिले. रस्त्यावर ते खपून जातं. अपघातानंतर मात्र विमा कंपनीचा सर्व्हेअर आधी चासी नंबर मागतो, आणि तिथे रंगवलेली पाटी उपयोगी पडत नाही. शिवाय ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉली आपोआप येत नाही. तिची नोंद आणि हप्ता वेगळा. तेव्हा यंदा जुनी ट्रॉली घेणार असाल, तर भाव करण्याआधी चासीवरचा नंबर आरसी बुकाशी ताडून बघा आणि ट्रॅक्टरला जोडून मागचे दिवे एकदा लावायला सांगा.