जुन्या रिगचा पॉवर सप्लाय: ऐकीव आणि खरं

कॉलिन्सचा केडब्ल्यूएम-२ हा ट्रान्सीव्हर १९५९ साली आला. त्याच्या जोडीचा ५१६एफ-२ हा पॉवर सप्लाय आजही काही हॅम मंडळींच्या टेबलाखाली इमानेइतबारे राबतो आहे. ५आर४ आणि ५यू४ हे दोन रेक्टिफायर व्हॉल्व्ह, साधारण ८०० आणि २७५ व्होल्टच्या दोन लाइनी, शिवाय ६१४६ व्हॉल्व्हच्या ग्रिडसाठी ऋण बायस. मांडणी इतकी साधी की कुणालाही हात घालावासा वाटतो. असे सप्लाय बिघडतात वयामुळे, पण कायमचे बाद होतात ते बहुधा ऐकीव सल्ल्यांमुळे.

पहिला सल्ला जिवावर बेतणारा: "प्लग काढला की भीती नाही." ८०० व्होल्टला भारलेल्या ४० मायक्रोफॅरॅडच्या कपॅसिटरमध्ये जवळपास १३ जूल ऊर्जा असते. ती निचरून जावी म्हणून ब्लीडर रेझिस्टर असतो खरा, पण तोच वर्षानुवर्षं तापून तुटलेला असू शकतो आणि तसं बाहेरून कळत नाही. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडणं ही मर्दुमकी नव्हे. चांगलं इन्सुलेशन असलेल्या प्रोबला १० किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर जोडून, दुसरा हात खिशात ठेवून चार्ज उतरवावा. मग मीटर लावावा आणि थोड्या वेळाने पुन्हा लावावा. रिकाम्या केलेल्या कपॅसिटरवर काही व्होल्ट परत चढलेले दिसतात.

"व्हॅरिॲकवर हळूहळू चढवलं की जुने कपॅसिटर जिवंत होतात," हे अर्धंच खरं. पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिकमधला ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर पातळ होतो आणि मर्यादित करंट दिला तर तो पुन्हा जमतो. आतलं द्रावण मात्र वाळलं असेल, तर कुठल्याही व्हॅरिॲकने ते ओलं होत नाही. शिवाय सप्लाय व्हॉल्व्ह रेक्टिफायरचा असेल, तर कमी व्होल्टेजला फिलामेंट तापतच नाही. कपॅसिटरला काहीच मिळत नाही आणि पुढे एकदम मिळतं. त्यापेक्षा कपॅसिटर सुटा करून बेंच सप्लायवर, मोठ्या रेझिस्टरमधून भारावा आणि गळती मोजावी. ती उतरत नसेल तर नवा घाला.

नवा घालताना मोठा घालायचा मोह होतो. पण रेक्टिफायर व्हॉल्व्हला पहिल्या फिल्टर कपॅसिटरची मर्यादा असते. ५यू४जीबीला ती साधारण ४० मायक्रोफॅरॅड. तिथे २२० चा बसवलात तर चार्जिंगचे झटके व्हॉल्व्ह सोसतो, ट्रान्सफॉर्मरही सोसतो आणि त्यापायी दोघांचं आयुष्य घटतं.

व्हॉल्व्हऐवजी सिलिकॉन डायोड लावणं ही त्याच जातीची "सुधारणा". व्हॉल्व्हमध्ये पडणारे पन्नासेक व्होल्ट वाचतात आणि पुढच्या सर्किटवर चढतात. त्यात बाकीचे व्हॉल्व्ह तापायच्या आत पूर्ण व्होल्टेज हजर. डायोड लावायचेच तर आवश्यक तो सिरीज रेझिस्टर हवा आणि कपॅसिटरची व्होल्टेज मर्यादा तपासायला हवी.

घरघर ऐकू आली की कपॅसिटरच गेला, असंही नाही. आधी कान द्या. आपल्याकडे फुल-वेव्ह रेक्टिफायरच्या फिल्टरची घरघर १०० हर्ट्झची असते. ती ५० ची आली तर रेक्टिफायरची एक बाजू मेलेली, एखाद्या व्हॉल्व्हमध्ये हीटर-कॅथोड गळती किंवा हाफ-वेव्ह बायसमध्ये बिघाड, अशा शक्यता आधी तपासा.

फ्यूज उडाला म्हणून मोठा घालणाऱ्यांबद्दल काय बोलावं! फ्यूज वाचतो, ट्रान्सफॉर्मर जळतो.

अमेरिकेतून आलेला सेट स्टेप-डाउनवर लावला की काम झालं, असंही मानतात. लाइन २४५ व्होल्ट असेल तर २:१ च्या ट्रान्सफॉर्मरमधून १२२ निघतात, आणि सेट ११५ चा असतो. फक्त ६० हर्ट्झसाठी बेताचं लोखंड घालून केलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो, तेव्हा नेमप्लेट वाचा. दोन पिनांची वायर काढून तीन पिनांची लावा. लाइनपासून चासीकडे गेलेले जुने कागदी कपॅसिटर काढून त्या जागी वाय दर्जाचे सेफ्टी कपॅसिटरच घाला.

सगळ्यांत दुर्लक्षित असतो बायस, कारण त्याचा आवाज होत नाही. तो गेला की ६१४६ च्या प्लेट पाहता पाहता लाल होतात. म्हणून पहिल्यांदा सेट लावाल तेव्हा दोन्ही रेक्टिफायर व्हॉल्व्ह सॉकेटमधून काढून ठेवा, बायस मॅन्युअलप्रमाणे येतो का ते मोजा आणि मगच ते परत बसवा.