कोड येतो हो, पण कुणी बघत नसताना!

शनिवारी रात्री अकरा वाजता आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये मॅगीचा दुसरा राउंड सुरू होता आणि माझी रूममेट लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून बसली होती. एका कंपनीने शुक्रवारी संध्याकाळी तिला 'छोटीशी' असाइनमेंट पाठवली होती. एपीआयमधून प्रॉडक्ट्सची यादी आणायची, सर्च द्यायचा, पेज मोबाइलवर नीट दिसलं पाहिजे आणि सगळं गिटहबवर टाकून सोमवारी दहापर्यंत लिंक द्यायची. 'तीन-चार तासांचं काम' असं मेलमध्ये लिहिलं होतं. मी मोजले. सोळा तास!

वेब डेव्हलपमेंटमध्ये नोकरी शोधणाऱ्यांना हे नवीन नाही. नुसत्या गप्पा नकोत, करून दाखवा. मला आधी हे जाम भारी वाटायचं. कॉलेजचं नाव नाही, वशिला नाही, काम येतं का ते बघा. पण तिला फुकट राबताना बघून मला माझंच आठवलं. फ्रीलान्सिंगच्या पहिल्या वर्षी 'नमुन्यादाखल एक लेख पाठवा' म्हणणाऱ्यांना मी सात लेख पाठवले होते. मानधन? हं!

तरी असाइनमेंट परवडली, असं ती म्हणते. सर्च बॉक्समध्ये प्रत्येक अक्षरागणिक सर्व्हरला रिक्वेस्ट जायला नको, टायपिंग थांबल्यावरच जावी. याला डिबाउन्सिंग म्हणतात. ते तिला रात्री दीडला सुचलं. घरी सुचतं.

पुढच्या आठवड्यात दुसरी फेरी झाली, लाइव्ह कोडिंगची. स्क्रीन शेअर, पलीकडे तिघं, त्यातल्या दोघांचे कॅमेरे बंद. प्रश्न अगदीच बाळबोध: एका चौकटीच्या बरोब्बर मधोमध दुसरी चौकट बसवा. फ्लेक्सबॉक्सच्या तीन ओळी. तिने लिहिल्या. आतली चौकट आडवी मध्यावर आली, पण वरच चिकटून बसली. कारण बाहेरच्या चौकटीला उंचीच दिली नव्हती. ती आतलीएवढीच उंच, मग मध्य कुठून येणार? हे ती ऑफिसातल्या ज्युनिअर्सना कितीदा तरी सांगते. त्या दिवशी नऊ मिनिटं सुचलं नाही.

"अगं, मला येत होतं गं! पण सगळे माझ्या कर्सरकडेच बघत होते." दोन महिने ती बेंचवर आहे. घरी अजून सांगितलेलं नाही, आणि पुढच्या महिन्यात धाकट्या भावाची फी भरायचीय.

खरं सांगते, मला आधी ही सबब वाटली. मग २०२० चा एक अभ्यास सापडला, नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांचा. ४८ विद्यार्थी. काहींनी परीक्षकासमोर, मोठ्याने बोलत व्हाइटबोर्डवर प्रश्न सोडवायचा, बाकीच्यांनी खोलीत एकट्याने. नजरेखाली बसलेल्यांची कामगिरी निम्म्याहून खाली घसरली. परीक्षकासमोरच्या मुलींपैकी एकीलाही उत्तर जमलं नाही, एकट्या बसलेल्या सगळ्यांना जमलं. एवढ्याशा गटावरून जगाचा नियम काढू नये, कबूल. पण मी रूममेटची माफी मागितली.

कंपन्यांचीही अडचण आहेच. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून घरून आलेला कोड नक्की कुणी लिहिला हे कसं ओळखणार? मग समोर बसवणं आलं. बसवा की! पण आधी दहा मिनिटं एकटं सोडा आणि मग 'हे असंच का केलंस?' विचारा. ज्याने स्वतः लिहिलेलं नाही त्याची तिथे फे फे उडेल. रूममेटच्या सोळा तासांच्या असाइनमेंटवर त्या तिघांनी एकही प्रश्न विचारला नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

परवा तिचा दुसऱ्या कंपनीत लाइव्ह राउंड होता. प्रश्न आल्यावर तिने धीर करून विचारलं, "सर, बोलता बोलता मला सुचत नाही. पाच मिनिटं शांत बसून विचार करू का?"

"करा की," ते म्हणाले, "मीही चहा घेऊन येतो."

रिझल्ट शुक्रवारी आहे. तोवर आमच्या फ्लॅटमध्ये 'सेंटर' हा शब्द काढायला सक्त बंदी!