सिलेखान्यातल्या रायफलींचा भाव

काठमांडूच्या लगन सिलेखाना या जुन्या राजवाड्यात नेपाळी फौजेने बाद केलेली शस्त्रे पिढ्यान्‌पिढ्या साठत गेली. नवे हत्यार आले की जुने इथे येऊन पडायचे; मोडीत काढायची घाई कुणालाच नव्हती. २००३ साली दोन अमेरिकी व्यापारी पेढ्यांनी हा साठा विकत घेतला. सुमारे ५०,००० बंदुका बाहेर आल्या. त्यांत चकमकीच्या होत्या, ठासणीच्या होत्या, मागून काडतूस भरायच्या स्नायडर होत्या आणि मार्टिनी-हेन्रीही होत्या. ज्या रायफलीची पाश्चात्त्य संग्राहकांना जेमतेम ऐकीव माहिती होती, ती ‘गहेंद्र’ तर हजारोंच्या संख्येने निघाली.

जुन्या लष्करी रायफलीची किंमत कशावर ठरते, हे समजून घ्यायला या साठ्याइतके चांगले उदाहरण नाही.

गहेंद्र रायफल नेपाळचे पंतप्रधान बीर शमशेर राणा यांच्या मुलाच्या, गेहेंद्र शमशेर यांच्या नावाने ओळखली जाते. नेपाळमध्ये त्यांना देशाचा पहिला वैज्ञानिक म्हणतात. ब्रिटिशांकडून नवी शस्त्रे मिळणे ब्रिटिशांच्या मर्जीवर होते, म्हणून नेपाळने स्वतःच्या कारखान्यांत ती घडवायचे ठरवले. १८७१ मध्ये ब्रिटिश फौजेने स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री हा समोरचा नमुना होता. दुरून पाहिले तर गहेंद्र तिच्यासारखीच दिसते. आतली रचना मात्र वेगळी आहे. मार्टिनी-हेन्रीत गुंडाळीची स्प्रिंग असते, तर गहेंद्रमध्ये पट्टीची. भाग हाताने घासून त्या-त्या रायफलीपुरते बसवलेले असल्याने एकीचा भाग दुसरीत सहज बसत नाही.

इथे पारखीचा पहिला नियम लागतो. कारखान्यात साच्यावर घडलेल्या रायफलीचा हरवलेला भाग दुसऱ्या तशाच रायफलीतून घेता येतो. हातघडणीच्या रायफलीत बदललेला भाग कायमचा उपरा राहतो. म्हणून जाणकार आधी चकाकी पाहत नाही. नळी, कुंदा, चाप आणि स्प्रिंग जन्मापासून एकत्र आहेत का, हे तो पाहतो.

दुसरा नियम नळीच्या आत पाहायचा. एनफील्ड कारखान्याची १८५३ च्या नमुन्याची रायफल सगळ्यांच्या परिचयाची आहे; १८५७ च्या काडतुसांमुळे तिचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांतही आले. नळीचे आतले माप ०.५७७ इंच, आत पेचदार खोबणी. उठाव शमल्यावर मात्र इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी नळी सुमारे ०.६५ इंच रुंद आणि आतून गुळगुळीत केली. बाहेरून तीच एनफील्ड, पण लांबचा नेम गेला. अविश्वासाचे हे धोरण पुढेही चालले. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत ब्रिटिश ६६व्या पलटणीच्या हाती मार्टिनी-हेन्री होती, आणि शेजारी लढणाऱ्या बॉम्बे आर्मीच्या ग्रेनेडियर व जेकब्ज रायफल्स या पलटणींकडे एक पिढी जुनी स्नायडर. त्यामुळे गुळगुळीत नळीला ‘खराब झालेली रायफल’ म्हणून कमी भाव देणारा इतिहास वाचायला चुकतो. आणि तिला रायफल म्हणून पूर्ण भाव देणारा फसतो.

तिसरा नियम चिन्हांचा. ब्रिटिश मार्टिनी-हेन्रीच्या उजव्या बाजूला मुकुट, राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव आणि साल ठोकलेले असते. पाकिस्तानच्या वायव्य सरहद्दीवरच्या दर्रा आदमखेल भागातले कारागीर हुबेहूब नकला करतात, पण इंग्रजी अक्षरे न वाचता उतरवतात. कुठे अक्षर उलटे पडते, कुठे एनफील्डचे स्पेलिंग चुकते. कधी राणीच्या आद्याक्षरांखाली १९०१ नंतरचे साल येते, आणि राणी तर जानेवारी १९०१ मध्येच वारली होती. परदेशी सैनिकांनी स्मरणिका म्हणून अशा कितीतरी नकला अफगाणिस्तानातून मायदेशी नेल्या.

नेपाळी शस्त्रांवरची चिन्हे देवनागरीत आहेत. परदेशी संग्राहक ज्या आकड्यांवर अडतो, ते मराठी वाचक सहज वाचू शकतो. फक्त शकाची सवय बाजूला ठेवावी लागते, कारण ते साल विक्रम संवताचे असते आणि नेपाळात संवत वैशाखात बदलतो. त्यातून ५७ वजा करायचे. जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या कामासाठी ५६. हा हिशेब नुसता अभ्यासाचा नाही. अमेरिकी कायद्यानुसार १८९८ पर्यंत बनलेले हत्यार ‘पुरातन’ ठरते आणि खरेदी-विक्रीच्या बहुतेक बंधनांतून सुटते. संवत १९५४ ची रायफल निर्विवाद ‘पुरातन’. संवत १९५५ मात्र एप्रिल १८९८ ते एप्रिल १८९९ असा पसरलेला असल्याने तिथे नुसते साल पुरत नाही. एका आकड्याने गिऱ्हाईक वाढते किंवा घटते, आणि त्याबरोबर भावही.

आता दुर्मीळपणाकडे येऊ. भाव सांगताना विक्रेत्याच्या तोंडी पहिला शब्द हाच असतो, आणि सगळ्यांत कमी भरवशाचाही हाच. २००३ पूर्वी बाहेर कुणाजवळ गहेंद्र असती, तर तिला अनमोल म्हणता आले असते. साठा बाजारात आल्यावर जुन्या ग्रीसने माखलेली, न साफ केलेली गहेंद्र काही शे डॉलरना मिळू लागली. रायफल तीच होती. बदलली ती आपली माहिती. ‘दुर्मीळ’ म्हणजे बहुधा ‘अजून कुठले कोठार उघडले नाही’ एवढेच. याउलट अमुक पलटण, अमुक मोहीम, अमुक शिपाई यांच्याशी कागदाने बांधलेल्या रायफलीला दुसरी प्रत नसते. तिचा भाव कोठारे उघडून उतरत नाही. अट एकच: कागद रायफलीइतकाच खरा असावा.

हे सगळे आपल्या वाड्यांनाही लागू आहे. दसऱ्याला पूजेत ठेवल्या जाणाऱ्या जुन्या बंदुका अनेक घरांत आहेत. परदेशी लिलावातले आकडे ऐकून हुरळून जाण्यात अर्थ नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्त करूनही चालणार नाहीत अशा अवस्थेतल्या जुन्या हत्यारांना सूट आहे. शंका असेल तर आधी पोलिसांकडे कागद स्पष्ट करून घ्यावेत, मग मूल्य विचारावे.

आणि दसऱ्याला पुसताना एवढे पाळा: वीट, राख, पॉलिश पेपर लावू नका. कोरड्या मऊ फडक्याने पुसून तेलाचा पातळ हात पुरे. घासल्याने गंजाबरोबर साल, शिक्का आणि पलटणीचा क्रमांकही जातो. बंदूक घरात कुणी, कधी, कुठून आणली हे वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवा. पारखी आला तर सगळ्यांत आधी तोच कागद मागेल.