युनिक्स सर्व्हरवरील कालक्षेत्र : संज्ञा आणि संकेत

संभाषणांची ध्वनिमुद्रणे, प्रश्नावलींची उत्तरे, शब्दसंग्रहातील दुरुस्त्या अशी भाषिक सामग्री आज अनेक ठिकाणी युनिक्स वर्गातील सर्व्हरवर साठविली जाते. प्रत्येक नोंदीवर वेळेचा शिक्का असतो, आणि कोणते विधान आधीचे व कोणते नंतरचे हे पुष्कळदा त्यावरूनच ठरवावे लागते. तो शिक्का कोणत्या कालक्षेत्रात वाचावयाचा हे निश्चित नसेल, तर त्यावर उभारलेले अनुमानही डळमळीत ठरते.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. युनिक्सचे घड्याळ हा वस्तुतः एक गणक होय. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून यूटीसीप्रमाणे लोटलेले सेकंद तो मोजतो. कालक्षेत्र बदलल्याने हा आकडा बदलत नाही. त्याचे दृश्य रूप तेवढे बदलते. त्यामुळे फाइलींच्या वेळांस धक्का लागत नाही. परंतु ज्या नोंदवह्यांत स्थानिक वेळ अक्षरांनी लिहिली जाते, त्यांतील जुन्या ओळी जुन्याच क्षेत्रात राहतात. म्हणून बदल केव्हा केला याचे टिपण ठेवणे अगत्याचे आहे.

लिनक्सवर क्षेत्रांचे नियम ‘/यूएसआर/शेअर/झोनइन्फो’ येथे असतात, आणि ‘/इटीसी/लोकलटाइम’ हा बहुधा त्यांतील एका फाइलीकडे बोट दाखविणारा दुवा असतो. सिस्टिमडी असलेल्या यंत्रावर प्रशासकाच्या अधिकाराने ‘टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता’ ही आज्ञा, अर्थात रोमन लिपीत, दिली की हा दुवा बदलतो. आधीपासून चालू असलेले प्रोग्रॅम मात्र पुष्कळदा आरंभी वाचलेलेच क्षेत्र धरून बसतात. यास्तव क्रॉनसारख्या सेवा पुन्हा सुरू कराव्यात. एखाद्याच प्रोग्रॅमपुरता बदल हवा असल्यास ‘टीझेड’ या चलास किंमत द्यावी.

खरी अडचण येथेच उद्भवते, आणि ती भाषेच्या अभ्यासकास परिचित अशी आहे. ‘आयएसटी’ हे संक्षिप्त रूप भारत, इस्रायल आणि आयर्लंड या तिन्ही देशांच्या वेळांसाठी रूढ आहे. म्हणजे ते अनेकार्थी आहे. उलट ‘एशिया/कॅलकटा’ व ‘एशिया/कोलकाता’ हे पर्याय होत: शहराचे नाव २००१ मध्ये बदलले, तरी जुने नाव समानार्थी दुवा म्हणून टिकले आहे. ‘एशिया/मुंबई’ हे नाव स्वाभाविक वाटले, तरी ते अस्तित्वात नाही. ते ‘टीझेड’मध्ये लिहिल्यास सामान्य लिनक्स यंत्र तक्रार न करता यूटीसी दाखविते, म्हणजे साडेपाच तास मागची वेळ. चिन्हाचा संकेतही उलटा आहे: पॉसिक्सच्या लेखनात पश्चिमेकडील अंतर धन मानतात, म्हणून भारतीय वेळ ‘आयएसटी-५:३०’ अशी लिहावी लागते. तेथे अधिक चिन्ह घातल्यास घड्याळ अकरा तास मागे पडेल.

मुंबईचे नाव या यादीत का नाही, याचे कारण नामकरणाच्या तत्त्वात आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी आरंभिलेला आणि २०११ पासून आयाना या संस्थेच्या आश्रयाने चालणारा हा संग्रह १९७० नंतर ज्या प्रदेशांची घड्याळे एकसारखी चालली त्यांस एकच क्षेत्र मानतो. साहजिकच, १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आल्यावरही दीर्घकाळ वापरात राहिलेली, तिच्याहून ३९ मिनिटे मागे असणारी मुंबईची वेळ त्यात सापडत नाही. त्या काळातील नोंदी संगणकावर घेणाऱ्याने हे अंतर स्वतःच मिळविले पाहिजे. तसेच १९४२ ते १९४५ या युद्धकाळात घड्याळे एक तास पुढे होती. हा फरक मात्र ‘एशिया/कोलकाता’च्या नियमांत अंतर्भूत आहे.

तात्पर्य, सर्व्हर यूटीसीवर ठेवावा आणि वाचकापुरते रूपांतर करावे, हा मार्ग अधिक सुरक्षित होय. स्थानिक वेळच ठेवावयाची असेल, तर प्रत्येक नोंदीत यूटीसीपासूनचे अंतर आकड्यांत लिहावे. नुसत्या नावावर विसंबून राहू नये.