सर्पगंधेची मुळी आणि जन्माची गोळी

रक्तदाबाची गोळी पहिल्यांदा लिहून दिली गेली म्हणजे आपल्याकडचा गृहस्थ डॉक्टरांना दोन प्रश्न हटकून विचारतो: ही आता जन्मभर घ्यावी लागणार काय, आणि हिचे दुष्परिणाम कोणते? पहिल्याचे उत्तर बहुधा होकारार्थी येते व तो खिन्न होतो. दुसऱ्याचे उत्तर सविस्तर देण्याची फुरसत डॉक्टरांना नसते, म्हणून ते तो शेजारी, मेहुणे आणि औषधाच्या खोक्यातील बारीक अक्षरांचा कागद यांजकडून मिळवतो. या गोळीपासून नफा नेमका किती, हा जो खरे पाहता पहिला प्रश्न, तो सहसा कोणी विचारीत नाही. आणि त्यात नवलही नाही, कारण वाढलेला रक्तदाब बहुतेकांना दुखत-खुपत नाही, आणि जे मुळात दुखतच नव्हते ते आटोक्यात आल्याचे समाधान कोणास व्हावे? टळलेला पक्षाघात दिसत नाही. घोट्यावर चढलेली सूज रोज सायंकाळी चप्पल घालताना दिसते. ज्या जमाखर्चात जमेची बाजू कायम अदृश्य आणि खर्चाची कायम डोळ्यांपुढे, त्याची शिल्लक काढण्याचा खटाटोप मी, वैद्यकाची कोणतीही पदवी गाठीशी नसताना, केवळ हौसेखातर बरीच वर्षे करीत आलो आहे.

पूर्वपीठिका एका दमात सांगून टाकतो. अठराव्या शतकात इंग्लंडातील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीत नळी बसवून रक्त किती उंच चढते ते पाहिले. 1896 साली इटलीच्या रिवा-रोचीने दंडावर बांधायचा पट्टा काढला. 1905 साली रशियाच्या कोरोत्कोव्हने त्या पट्ट्याखाली नाडीचा आवाज ऐकण्याची युक्ती सांगितली, आणि दाब मोजता येऊ लागला. उतरवता मात्र येईना. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब 1944 च्या मार्चमध्ये 186/108 भरला होता. जगातील सर्वांत बलाढ्य सत्ताधीशाच्या दिमतीस त्या काळचे वैद्यक हजर होते, पण त्याच्या पोतडीत मिठाचे पथ्य, विश्रांती आणि गुंगीची औषधे यांपलीकडे फारसे काही नव्हते. 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते वारले, तेव्हा आकडा 300/190 पर्यंत गेलेला होता.

आणि याच सुमारास मुंबईत काय चालले होते, हे सांगण्यासाठीच खरे म्हणजे मी हा लेख लिहावयास घेतला.

सर्पगंधा हे गुडघ्याच्या आत-बाहेर उंचीचे, सावलीत वाढणारे झुडूप आहे. कण्हेर, तगर आणि सदाफुली यांच्याच कुळातले. पाने एकेका पेऱ्याशी तीन-चारांच्या झुबक्यात येतात, फुले पांढरी पण त्यांचे देठ तांबडे, आणि पिकलेली फळे काळसर जांभळी व चकचकीत. कोकणातील एका वृद्ध वैद्यांच्या परड्यात मी ते पहिल्यांदा पाहिले. त्यांनी कोयत्याच्या टोकाने माती उकरून मुळीचा एक कपटा मला दिला व ‘जिभेला नुसता लावा, गिळू नका’ अशी ताकीद दिली. तिचा कडवटपणा दुपारच्या जेवणापर्यंत तोंडात राहिला. औषध सगळे त्या मुळीत. सर्पदंशावर, तापावर आणि विशेषतः वेड लागलेल्या माणसास शांत करण्यासाठी ती आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या दिली जात असे. उत्तरेकडे तिला ‘पागल की दवा’ असेच नाव पडून गेले आहे. युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिच्या वंशाला सोळाव्या शतकातील आउग्सबुर्गच्या लिओनहार्ट राउवोल्फ या वैद्याचे नाव देऊन ‘राउवोल्फिया’ अशी तिची दप्तरी नोंद केली.

1931 साल या झुडपाच्या चरित्रात फार महत्त्वाचे. त्या वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीने उन्माद तर शमतोच, पण चढलेला रक्तदाबही उतरतो, असे लिहून प्रसिद्ध केले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दिकी या रसायनशास्त्रज्ञाने मुळीतून काही अल्कलॉइडे वेगळी केली आणि ज्या हकीम अजमलखानांनी त्यास या कामाला लावले होते त्यांच्या स्मरणार्थ एकास ‘अजमलीन’ असे नाव दिले. आयुर्वेदाचा कविराज, युनानीचा हकीम आणि जर्मनीत शिकून आलेला रसायनशास्त्रज्ञ हे तिघे एका मुळीभोवती जमलेले पाहून मला आजही आनंद होतो, आणि कोणती पॅथी श्रेष्ठ या विषयावर आपल्याकडे जी वितंडवादाची सभा बारमाही भरलेली असते ती तूर्त बरखास्त करावी असे वाटते.

परंतु निरीक्षण वेगळे आणि पुरावा वेगळा. तो पुरावा मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी गोळा केला. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशी संबंधित असलेल्या या हृदयरोगतज्ज्ञाने रुग्णांना सर्पगंधा देऊन, आठवड्यामागून आठवडे मोजमापे टिपून, 50 रुग्णांची हकीकत 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडली. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, ओळखीच्या डॉक्टरांच्या वशिल्याने, मी तो जुना बांधीव खंड चाळला आहे. त्यातील लेखनात कोठेही डांगोरा नाही. औषध सावकाश लागू पडते, दाब हळूहळू उतरतो आणि औषध थांबवल्यावरही परिणाम काही काळ टिकतो, हे एखाद्या पंचनाम्याइतक्या कोरडेपणाने नमूद केले आहे. तो निबंध बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांच्या दृष्टीस पडला, त्यांनी मुळी मागवून प्रयोग केले. 1952 साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतील मुख्य द्रव्य ‘रिसर्पिन’ वेगळे काढले, आणि कोकणच्या सावलीतले झुडूप पाहता पाहता जगभरच्या औषधालयांत जाऊन बसले. डॉ. वकिलांना 1957 साली लास्कर पारितोषिक मिळाले. आपल्या किती सुशिक्षितांना हे नाव ठाऊक आहे, हे एखाद्या बैठकीत विचारून पाहावे.

आता नफ्याचा दाखला. अमेरिकेत एडवर्ड फ्रीस यांनी निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांतून 143 पुरुष निवडले. सर्वांचा खालचा आकडा 115 ते 129 च्या दरम्यान. निम्म्यांना रिसर्पिनसह तीन औषधे दिली, उरलेल्यांना दिसायला तशाच पण निरुपद्रवी गोळ्या, आणि कोण काय घेतो हे रुग्णांस कळू दिले नाही. 1967 साली निकाल आला: निरुपद्रवी गोळ्यांच्या गटात 27 जणांवर गंभीर संकट ओढवले, औषधाच्या गटात अवघ्या दोघांवर. रक्तदाब उतरवणे म्हणजे केवळ यंत्रावरचा आकडा सुशोभित करणे नव्हे, हे त्या दिवशी सिद्ध झाले. पुढे चाचण्यांची रीघ लागली. त्यांतील 123 चाचण्या एकत्र करून 2016 साली काढलेला हिशेब असा की, वरचा आकडा 10 ने उतरला तर पक्षाघात सुमारे चतुर्थांशाने, हृदय निकामी होण्याचे प्रसंगही जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात आणि एकंदर मृत्यू 13 टक्क्यांनी घटतात. मूळचा धोका जितका मोठा तितका हा नफा मोठा. सौम्य दाबाच्या निरोगी तरुणाच्या वाट्यास तो अर्थातच थोडा येतो.

दुष्परिणामांची कैफियतही सर्पगंधेपासूनच ऐकावी. रिसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेली नॉरअॅड्रिनॅलिनसारखी द्रव्ये रिती करते, त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात व दाब उतरतो. पण नाकातल्या वाहिन्याही सैलावून नाक चोंदते, आणि मेंदूतली भांडारेही रिकामी होत असल्यामुळे 1950 नंतरच्या दशकात, भल्या मोठ्या मात्रा दिल्या जात तेव्हा, काही रुग्ण खोल विषण्णतेत गेल्याच्या तक्रारी आल्या. उपकार आणि अपकार यांचे उगमस्थान एकच. गंमत अशी की या अपकारातूनही विज्ञानाने वसुली केली: स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रिसर्पिन देऊन निश्चल केलेल्या प्राण्यांना एल-डोपा देऊन पुन्हा हालते केले, त्यातून मेंदूतील डोपामीनचे कार्य उमगले, कंपवाताच्या उपचाराची वाट मोकळी झाली आणि 2000 साली त्यांना नोबेल मिळाले. उलट 1974 साली ‘लॅन्सेट’मध्ये रिसर्पिनमुळे स्तनांचा कर्करोग होतो असे सुचवणारे तीन निबंध एकदम आले, पुढील अभ्यासांत तो आरोप टिकला नाही, परंतु आधीच मागे पडू लागलेल्या औषधाची बेअब्रू व्हायची ती झाली.

आजच्या गोळ्यांनाही हाच न्याय लागू आहे. ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषाचा धागा धरून 1975 साली कॅप्टोप्रिल तयार झाले. त्याची भावंडे रामिप्रिल व एनालाप्रिल ज्या विकराला अडवतात तोच विकर ब्रॅडिकायनिनचा निचरा करीत असल्यामुळे ते साठते आणि काहींना सुका खोकला लागतो. आमच्या एका मावशींनी हा खोकला ज्येष्ठमध, आडुळसा आणि हळदीचे दूध यांच्या आधारे एक आख्खा हिवाळा झेलला. गोळी बदलून टेल्मिसार्टन दिल्यावर तो काही दिवसांत गेला, तरी श्रेय मावशी अद्याप आडुळशासच देतात. अॅम्लोडिपिनने सूक्ष्म धमन्या रुंदावतात पण शिरा तशा रुंदावत नाहीत, म्हणून पाणी घोट्याशी पाझरते. लघवीवाटे मीठ काढणाऱ्या गोळ्या सोडियम व पोटॅशियमही कमी करतात, वयस्कांना गळून गेल्यासारखे करतात, क्वचित संधिवाताचे एक रूप उभे करतात. अटेनोलॉलसारख्यांनी हातपाय गार पडतात, दमेकऱ्याचा दमा बळावतो. आणि त्या एकाएकी बंद केल्यास हृदयावरच बेतू शकते.

एक दुष्परिणाम मात्र गोळीत नसून कानात असतो. इटलीत 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हृदयविकाराच्या पुरुष रुग्णांना अटेनोलॉल दिले: काहींना औषधाचे नावही सांगितले नाही, काहींना केवळ नाव सांगितले, आणि काहींना याने पुरुषत्वात उणीव येऊ शकते असेही सांगितले. तशी तक्रार पहिल्या गटात सुमारे 3, दुसऱ्यात 16 आणि तिसऱ्यात 31 टक्क्यांनी केली. यावरून रुग्णास काही सांगूच नये असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी माझे पटत नाही. पण मेहुण्यांवर किती विसंबावे याचा विचार अवश्य व्हावा.

दाब किती उतरवावा हा वाद अजून मिटलेला नाही. अमेरिकेतील ‘स्प्रिंट’ चाचणीत 9,361 लोकांपैकी निम्म्यांचा वरचा आकडा 140 ऐवजी 120 च्या खाली नेण्याचा यत्न केला, तेव्हा हृदयाचे व मेंदूचे मोठे आघात चतुर्थांशाने घटले; पण भोवळ, क्षारांचा बिघाड आणि मूत्रपिंडास इजा हे प्रसंग वाढले, आणि तेथील मोजणी शांत खोलीत, विसावा देऊन केलेली होती, आपल्या दवाखान्यातल्या गर्दीत केलेली नव्हे. ऐंशी ओलांडलेल्यांनाही औषधाचा लाभ होतो हे 2008 च्या ‘हायव्हेट’ चाचणीने दाखवले. तथापि रात्री उठताना भोवळ येऊन पडणाऱ्या आजोबांच्या बाबतीत आकड्यापेक्षा त्यांच्या खुब्याच्या हाडाची चिंता आधी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा माझा निकाल गोळीच्या बाजूने आहे, परंतु तो बिनशर्त नाही. त्रास झाला तर गोळी बदलण्याचा, मात्रा उतरवण्याचा किंवा दोन औषधे थोड्या थोड्या प्रमाणात घेण्याचा आग्रह धरावा. आकडा ताळ्यावर आला म्हणून आपल्या मर्जीने ती सोडू नये, कारण तो बहुधा गोळीमुळेच ताळ्यावर असतो. गोळी सकाळी घ्यावी की रात्री याने नफ्यात फरक पडत नाही, असे 2022 साली मोठ्या चाचणीत आढळले आहे. जी वेळ विसरणार नाही ती आपली. हा लेख वाचून सर्पगंधेची भुकटी विकत आणू नये: तिच्यात द्रव्य किती हे विकणाराही सांगू शकत नाही, आणि ओरबाडीमुळे ते झुडूप रानातून दुर्मिळ झाले आहे. मूल होण्याचा विचार असलेल्या स्त्रियांनी तसे डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण रामिप्रिल व टेल्मिसार्टन यांच्या जातीची औषधे गर्भास घातक आहेत. वर्षातून निदान एकदा रक्तातील सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्यावे, आणि पुढच्या खेपेस दवाखान्यात जाताना घरातल्या साऱ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात, गुडघेदुखीसाठी परस्पर आणलेल्या सुद्धा; त्या वेदनाशामकांनी रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडावर ताण पडतो, हे डॉक्टरांना ठाऊक असते, पण त्या तुम्ही घेता हे ठाऊक नसते.