उन्हाळ्यात बुलबुल काय खातो?

तुमच्यात आणि शेपटीखाली लाल ठिपका मिरवणाऱ्या त्या लालबुड्या बुलबुलात एक उणीव सारखीच आहे, हे ठाऊक आहे? शेळी आणि कुत्रा क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात बनवतात, कोंबडी मूत्रपिंडात. माणसाला ते जमत नाही, आणि बुलबुलालाही नाही! कोलकात्याच्या रॉय आणि गुहा या शास्त्रज्ञांनी १९५८ साली ‘नेचर’मध्ये हे मांडलं. आपण लिंबू पिळून घेतो. बुलबुलानं काय करायचं?

छत्रपती संभाजीनगरात राहायचं तर त्याला ऋतूंवर नजर ठेवावी लागते. मृगाच्या आगेमागे निंबोळ्या पिवळ्या होतात, त्यांचा गर तो चोखतो. पावसाळ्यानंतर घाणेरीची काळी फळं, थंडीत रानबोरं. फाल्गुनात पळस-पांगारा फुलले की फुलांतला मध. घरट्यात पिल्लं आली की मात्र चोचीत अळ्या आणि किडे दिसतात, कारण वाढत्या अंगाला प्रथिनं हवीत.

मग उरतो रखरखीत उन्हाळा. रान वाळलेलं, आणि तेवढ्यात एखादा उंबर बुंध्यापासून लालबुंद लगडलेला! जवळच्याच दुसऱ्या उंबरावर त्याच दिवशी कच्ची फळं. असं का?

एक उंबर फोडून बघा. आतून बारीक काळी चिलटं बाहेर येतील. ती चिलटं नव्हेत, उंबरातच जन्मलेल्या गांधीलमाश्या आहेत, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या. उंबराची फुलं फळाच्या आतच असतात, आणि त्यांचं परागीभवन या माश्यांवाचून होत नाही. नराला पंखच नसतात. तो आतल्या आत मादीशी जुगतो, फळाला भोक पाडतो आणि मरतो. त्या भोकातून मादी पराग घेऊन उडते. तिच्या हाती असतात फार तर एक-दोन दिवस. तेवढ्यात तिला कोवळी फळं आलेला दुसरा उंबर गाठायचा असतो.

आता विचार करा. सगळे उंबर एकाच वेळी पिकले असते तर ती गेली कुठं असती? तिचा वंशच बुडाला असता, आणि पाठोपाठ उंबराचाही. म्हणून हे उंबर, ते उंबर वेगवेगळ्या दिवसांत पिकतात, आणि वर्षभर कुठं ना कुठं पिकलेलं फळ मिळतं. वडा-पिंपळाचंही असंच, त्यांच्या माश्या वेगळ्या. सोय माशीची, पोट भरतं बुलबुलाचं, हळद्याचं, साळुंकीचं. एवढ्याशा किड्यावर केवढा संसार!

फळाच्या मोबदल्यात पक्षी बी दूर नेऊन टाकतात. आपल्या शहराच्या जुन्या दरवाज्यांच्या फटींत उगवलेले पिंपळ कुणी लावले, हे आता सांगायला नको.

या पावसाळ्यात परसात जागा असेल तर एक उंबर लावा. पण एकट्या उंबरानं भागत नाही, म्हणून शेजारच्या गल्लीतला जुना उंबर कुणी तोडायला निघालं तर त्यालाही अडवा.